हजेरीपट कोणी तपासायचा?

हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा 1881 साली झाला. यंत्रशक्तीवर चालणारे आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेले कारखानेच त्याच्या कक्षेत येत. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी झाली. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास आणि महिन्याला चार सुट्ट्या ठरल्या. फिरत्या यंत्रांभोवती कठडे घालणेही सक्तीचे झाले. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल कायदा गप्प होता. या कायद्यामागे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचे हितसंबंध होते आणि मुंबईचे समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली यांची खटपटही; नृसिंहवाडीच्या श्रोत्यांना ते नव्याने सांगायला नको. सहसा विचारला जात नाही असा प्रश्न वेगळाच आहे: हा कायदा पाळला जातो की नाही, हे पाहायला गिरणीत जाणार कोण?

सरकारने निरीक्षक नेमावा, नेमला नसेल तर जिल्हा मॅजिस्ट्रेटने ते काम करावे, असे कायद्यातच लिहिले होते. मुंबईला वेगळा निरीक्षक मिळाला. जिल्ह्यांत काम कलेक्टरकडे आले, आणि कलेक्टरच्या टेबलावर सारावसुली, दुष्काळ, दंगा, प्लेग ही कामे आधीची होती. हजेरीपट तपासणे त्यांच्या शेवटी यायचे. गुन्हा शाबित झाला तरी दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये. मोठ्या गिरणीला ही रक्कम जड नव्हती, आणि मॅजिस्ट्रेट बहुधा त्याहून बराच कमी दंड करीत. कायद्याचे दात असे मुळातच बोथट होते.

दातांचा उल्लेख अक्षरशः घ्यावा असाही एक भाग आहे. त्या काळी जन्मनोंद क्वचितच होई. मुलाचे वय आईला सणाच्या किंवा पुराच्या खुणेने आठवायचे, कागद नसायचा. म्हणून सरकारी डॉक्टर मुलाचे तोंड उघडून दात पाही आणि वय ठरवी. 1891 च्या कायद्याने किमान वय नऊ केले, चौदापर्यंतच्या मुलांना सात तास दिले. 1911 नंतर कापडगिरणीत मुलाला आधी दाखला आणि अंगावर त्याचा बिल्ला लागू लागला. मग एकाच मुलासाठी दोन दाखले काढले जाऊ लागले. सकाळी एका गिरणीत अर्धा दिवस, दुपारी दुसऱ्या नावाने दुसऱ्या गिरणीत अर्धा दिवस. अहमदाबादेत याचा बोभाटा विशेष झाला. 1926 च्या दुरुस्तीने अशा मुलाच्या आईबापांनाही दंडाला पात्र ठरवले. पोटासाठी पोराला दोन गिरण्यांत धाडणाऱ्या घरावर दंड बसवणे सोपे होते. दोन्ही फाटकांवर एकाच दिवशी उभा राहील असा माणूस नेमणे खर्चाचे होते, आणि सरकारने सोपे ते केले. या इतिहासात याहून बोचणारी गोष्ट शोधून सापडणार नाही.

गिरणीत खरा अंमल मुकादमाचा. भरती, खाडा, दंड, बढती सगळे त्याच्या हातात. तक्रार करणारा कामगार दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर असे, त्यामुळे निरीक्षकासमोर तोंड उघडायला कोणी धजत नसे. ही कोंडी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ओळखली. 1884 च्या सप्टेंबरात परळच्या सभेतून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज निघाला: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, जखमी झाल्यास मदत. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार बायकाही बोलल्या. 10 जूनला मुंबईच्या गिरणीमालक संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. कायद्याने ती द्यायला आणखी एक वर्ष लागले. निरीक्षकाला जे दिसत नव्हते ते सभेने उघड केले.

मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी अशा सभाही नव्हत्या. खानदेशात कापसाच्या हंगामात सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस रात्रंदिवस चालत, त्यात बायका मोठ्या संख्येने. पण वर्षाला चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना 1881 च्या व्याख्येतच बसत नव्हता. सगळ्यात लांब दिवस जिथे भरत होता, तिथेच कायदा थांबत होता. असे हंगामी कारखाने 1911 साली कक्षेत आले. पुढचे टप्पे वेळेअभावी धावतेच: मोठ्या माणसांना 1922 साली आठवड्याला साठ तास, 1934 साली चोपन्न, 1946 साली अठ्ठेचाळीस.

नृसिंहवाडीच्या आसपास मात्र ही वर्षे जशीच्या तशी लावता येत नाहीत. कोल्हापूर, कुरुंदवाड, सांगली, मिरज ही सगळी संस्थाने, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. 1906 साली पायाभरणी झालेली कोल्हापूरची शाहू मिल किंवा 1904 पासून यंत्रमाग पाहिलेली इचलकरंजी यांच्या दारात मुंबईचा निरीक्षक हक्काने येऊ शकत नव्हता. कृष्णाकाठचा कामगार काही कोस चालून हद्द ओलांडे आणि त्याच्या कामाचे तास दुसऱ्याच कायद्याखाली येत.

दुकानांची पाळी फार उशिरा आली. मुंबई दुकाने व संस्था कायदा 1939 साली झाला आणि नोव्हेंबर 1940 मध्ये अमलात आला; देशातला हा अशा प्रकारचा पहिला. दुकानांच्या कायद्याला लोक अजूनही गुमास्ता कायदाच म्हणतात. तो राबवण्याचे काम नगरपालिकांकडे गेले, आणि इथे दुकानदारांच्या नाराजीतही तथ्य आहे. दत्ताच्या नृसिंहवाडीत पेढे-बासुंदी आणि फुलांचा धंदा पौर्णिमेला आणि गुरुवारी चालतो. त्याला कापडदुकानाचे तास लावून भागत नाही. 1948 च्या नव्या दुकान कायद्याने मिठाई, दुधाचे पदार्थ, फुले यांच्या दुकानांना उघडण्या-मिटण्याच्या वेळेतून सूट दिली, ते योग्यच झाले. सूट दुकानाच्या वेळेला होती. पाटावर बसून खवा घोटणाऱ्या पोराच्या विश्रांतीला आणि साप्ताहिक सुट्टीला ती लागू होत नव्हती. दोन्हींची गल्लत सोयीस्कर असल्याने फार होई.

कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि संस्थानी हद्दीची सबब संपली. तरी दुकानांचा कायदा अधिसूचना निघेल त्याच गावाला लागू होई. अधिसूचना निघालेल्या गावातही रजेचे रजिस्टर उघडून पाहणारा अधिकारी स्थानिक संस्थेनेच नेमायचा होता.