वस्तऱ्याला धार लावताना मी काय शिकलो



माझ्या हातात आहे तो वस्तरा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. इंदूरला त्यांचं सलून होतं. एड्सची भीती पसरली तशी गिऱ्हाइकं दर वेळी नवं ब्लेड मागू लागली. ते बरोबरच होतं, कारण एकाच वस्तऱ्यातून रक्तातले आजार पसरू शकतात. हा वस्तरा मग पेटीत गेला.

दोन वर्षांपूर्वी अण्णांचा हात थरथरायला लागला. स्वतःची दाढी जमेना. म्हणाले, "तू कर. पण माझ्या वस्तऱ्यानं."

वस्तऱ्याला धार नव्हती आणि मला धार लावता येत नव्हती. मी आयुष्यभर ऑफिसात बसलेला माणूस. मला वाटलं, दगड जितका बारीक तितकी धार चांगली. म्हणून 8000 नंबरचा महाग दगड आणला आणि तासभर घासत बसलो. पातं आरशासारखं चमकलं. पण गालावर पहिला हात फिरवताच अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. केस कापला जात नव्हता, ओढला जात होता.

"चमकतंय छान," ते म्हणाले, "कापत नाही."

धार म्हणजे काय? पात्याच्या दोन बाजूंचे दोन उतार एका रेषेत भेटले, की ती रेषा म्हणजे धार. ते भेटलेच नसतील, तर बारीक दगड त्यांना फक्त चकाकी देतो. भेट घडवतो तो 1000 नंबरचा दगड. मग 4000, मग 8000.

वस्तऱ्याची एक सोय आहे. सुरीचा कोन आपल्याला हातानं धरावा लागतो. इथे पात्याची जाड पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, त्यामुळे कोन पाठच ठरवते. आपण फक्त पाठ उचलायची नाही.

तरी माझं टोक बोथट राहायचं. मी धारेला मार्करची शाई लावली आणि एकदाच दगडावरून फिरवली. टोकाची शाई तशीच! दगडावर पेन्सिलीनं रेघा मारून तो सपाट प्लेटवर घासला, तर मधल्या रेघा पुसल्याच नाहीत. दगड मधे खोलगट होता. दोष मी पात्यात शोधत होतो.

दुसरी चूक जोराची. पातळ पातं दाबलं की वाकतं. अण्णा डोळे मिटून शेजारी बसायचे. "दाबू नकोस. आवाज ऐक. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा यायला हवा."

शेवटी चामड्याचा पट्टा. दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर पाठ पुढे. परतताना वस्तरा पाठीवर वळवायचा. मी धारेवर वळवला आणि अण्णांचा पट्टा कापला. मी घाबरलो. त्यांनी पट्ट्याच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे तसाच एक जुना काप होता, त्यांच्या शिकण्याच्या दिवसांतला.

चार महिने लागले. आता दर रविवारी मी गरम पाण्यानं त्यांची दाढी भिजवतो, साबण लावतो, कातडी ताणून धरतो आणि वस्तरा फिरवतो. अण्णा कौतुक करत नाहीत. एक गाल झाला की न सांगता दुसरा पुढे करतात.

चमक शेवटच्या दगडावर येते, धार पहिल्या दगडावर. मी उलट्या टोकानं सुरुवात केली होती.