व्हेराची किटली

रेडिओ केंद्रावरून फोन आला तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखं रक्तक्षयावर नाहीतर पाळीच्या तक्रारींवर बोलायचं असेल. पण या महिन्यात जुना काळ दाखवणारे चित्रपट हा विषय घेतलाय, आणि गर्भपातावरचा चित्रपट एखाद्या डॉक्टरनंच सांगावा, अशी कल्पना निघाली. मी सिनेमाची जाणकार नाही. आयुष्यभर स्त्रीरोगशास्त्र शिकवलं, तेव्हा बोलणं थोडं वर्गासारखं झालं, एखादी गोष्ट दोनदा सांगितली गेली, तर चालवून घ्या.

चित्रपटाचं नाव ‘व्हेरा ड्रेक’. दिग्दर्शक माईक ली. २००४ साली व्हेनिसच्या महोत्सवात याला सर्वोच्च मान, सुवर्णसिंह, मिळाला आणि व्हेराचं काम करणाऱ्या इमेल्डा स्टाँटन यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा. तुमच्या घरातली मुलं त्यांना ओळखतात. हॅरी पॉटरमधली गुलाबी कपड्यांतली, गोड बोलून छळणारी अंब्रिजबाई, ती हीच. इथे मात्र ती अगदी उलट्या स्वभावाची बाई झाली आहे.

काळ आहे १९५०चा, गाव लंडन. युद्ध संपून पाच वर्षं झालीत, पण रेशन चालूच आहे. व्हेरा श्रीमंतांच्या घरी धुण्यापुसण्याची कामं करते. नवरा भावाच्या गॅरेजात मेकॅनिक, मुलगा शिंप्याच्या दुकानात, लाजाळू मुलगी बल्ब तपासायच्या कारखान्यात. लहानशा घरातला संसार, पण भांडण नाही. येताजाता व्हेरा आजारी शेजाऱ्याकडे डोकावते, म्हाताऱ्या आईचं करते. आणि कुठल्याही घरात शिरली की पहिल्यांदा काय करते? चहाचं आधण ठेवते.

आता इथे मी जरा थांबणार आहे. मला या चित्रपटात सगळ्यात आवडते ती ती किटली. लक्षात घ्या, १९५० साली इंग्लंडात चहासुद्धा रेशनवर होता. माणशी आठवड्याला दोन-अडीच औंस, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. चहावरचं रेशन उठलं ते १९५२च्या ऑक्टोबरात. आपल्या वाट्याच्या चिमूटभर चहातून ही बाई दुसऱ्याला कप भरून देते. दोन ओळखीच्या खोल्यांत आपण तिला असं आधण ठेवताना पाहतो. मग ती एका अनोळखी खोलीत जाते. तिथे एक घाबरलेली मुलगी पलंगाच्या कडेला बसलेली आहे. व्हेरा तिच्याशी त्याच प्रेमळ आवाजात बोलते, किटली चढवते, आणि आपल्याला वाटतं, झालं, आता चहा. पण या वेळी पाणी चहासाठी नाही.

पिशवीतून बाहेर येते खिसणी, साबणाची वडी, जंतुनाशकाची बाटली आणि रबरी पिचकारी. पुढचं मी रेडिओवर सांगणार नाही, सांगायची गरजही नाही. पुन्हा सांगते, कारण हा चित्रपटाचा गाभा आहे: किटली तीच, आवाज तोच, हात तेच. व्हेराच्या लेखी शेजाऱ्याला चहा देणं आणि अडलेल्या पोरीला सोडवणं यांत फरकच नाही. ती एक पैसा घेत नाही. पैसे घेते तिची मैत्रीण लिली, जी मुली शोधून पत्ते देते आणि त्यांच्याकडून दोन गिनी उकळते. व्हेराला याचा पत्ताच नाही. ही लिली काळ्या बाजारातली साखर विकणारी आहे, हेही दिग्दर्शकानं सहज दाखवून ठेवलंय. ज्याची टंचाई, त्यावर कमिशन.

माझ्या विद्यार्थ्यांना मी हे प्रसंग दाखवायची, तेव्हा मुलं खिसणीकडे बघून तोंडं वाकडी करायची. मी म्हणायची, अरे, खिसणीकडे बघू नका, खोल्यांकडे बघा. सात मुलांची आई आहे, जमैकाहून आलेली एकटी पोर आहे. एकाही मुलीच्या चेहऱ्यावर मौजमजेची खूण नाही. एक-दोन वरवर बेफिकीर वाटतात, त्याही नीट पाहिल्या तर नाहीत.

आता डॉक्टर म्हणून माझी एक तक्रार. चित्रपटात व्हेरा वर्षानुवर्षं हे काम करते आणि तिच्या हातून अपघात होतो तो एकच. हे मला पटत नाही. साबणाचं पाणी असं दाबानं आत घालणं अतिशय धोक्याचं. रक्तात हवा शिरू शकते, साबणानं आतला भाग पोळतो, जंतुसंसर्ग होतो, मूत्रपिंडं बंद पडतात. ‘कॉल द मिडवाइफ’ या आठवणी लिहिणाऱ्या जेनिफर वर्थ यांनी त्याच काळात लंडनच्या गरीब वस्तीत सुईणीचं काम केलं होतं. त्यांनीही हाच आक्षेप जाहीरपणे घेतला होता, माझ्यापेक्षा पुष्कळ कडक शब्दांत. आपल्याकडे गर्भ पाडायला काडी घालणाऱ्या बाया होत्या. त्यातून सेप्टिक होऊन आलेल्या रुग्ण ज्यांनी वॉर्डात पाहिल्या, त्यांना व्हेराचा तो हसरा चेहरा पाहताना पोटात कालवतं. चांगलं मन म्हणजे निर्जंतुक हात नव्हेत. दिग्दर्शकाला हे ठाऊक नसेल असंही नाही. चित्रपट त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलाय, आणि ते दोघं होते एक सुईण आणि एक डॉक्टर. मला वाटतं, बाईवर आपला जीव जडावा म्हणून त्यांनी धोका थोडा झाकला. कलाकाराला तेवढी मुभा देऊ, पण श्रोत्यांनी विसरू नये.

आता दुसरी बाजू. व्हेरा ज्या बंगल्यात फरशी पुसते त्याच बंगल्यातली लेक, सुझन. ओळखीतलाच एक तरुण तिच्यावर बळजबरी करतो. तिला दिवस राहतात. ती काय करते? मैत्रिणीला विचारते, मग डॉक्टर, मग मनोविकारतज्ज्ञ. तो दोन-चार प्रश्न विचारतो, घराण्यात कुणाला वेड होतं का वगैरे, आणि दाखला देतो की मूल झालं तर हिच्या मनावर घातक परिणाम होईल. स्वच्छ नर्सिंग होम, पांढरी चादर, नर्स. खर्च शंभर गिनींच्या आसपास. घरी सांगायचं, शनिवार-रविवार गावाला गेले होते.

ही पळवाट कुठून आली? १९३८ साली लंडनमध्ये डॉ. अ‍ॅलेक बोर्न यांनी सैनिकांनी अत्याचार केलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलीचा गर्भपात केला आणि स्वतःहून पोलिसांना कळवलं. खटला चालला, ते सुटले. न्यायालयाचं म्हणणं असं की बाईचं शरीर किंवा मन मोडून पडणार असेल, तर डॉक्टर तिचा जीवच वाचवतोय असं धरता येईल. निकाल चांगला, पण तो वापरायला मनोविकारतज्ज्ञाची फी परवडायला हवी. म्हणजे एकाच शहरात, एकाच कायद्याखाली, सुझन शंभर गिनीत निर्धोक आणि दुसरी दोन गिनीत जिवावर उदार. कायद्यानं गर्भपात थांबला नव्हता. कुणाचा कुठल्या खोलीत व्हायचा, एवढंच ठरत होतं. बरं, १९४८ पासून तिथे सरकारी आरोग्यसेवा फुकट होती. चष्मे, दात, बाळंतपण, सगळं. हे सोडून.

चित्रपटात मग जिच्या बाबतीत तो एकच अपघात होतो ती मुलगी मरणाच्या दारात जाते, इस्पितळातून पोलिसांना कळतं, आणि व्हेराच्या घरी मुलीच्या साखरपुड्याचा आनंद चाललेला असताना दार वाजतं. माईक ली यांची पद्धत अशी की आधी लिहिलेली संहिता नसते, नट महिनोन् महिने तालमीतून प्रसंग घडवतात. घरच्यांची कामं करणाऱ्या नटांना सांगितलंच नव्हतं की व्हेरा हे काम करते. आणि तालमीत पोलीस येणार आहेत हे स्टाँटनबाईंना सांगितलं नव्हतं. तो चेहरा बघा एकदा. पोलीस निरीक्षकही वाईट माणूस नाही बरं का, सौम्य आहे. व्हेरा नवऱ्याच्या कानात सांगते, आपल्याला ऐकू येत नाही, नुसता नवऱ्याचा चेहरा दिसतो. शेवटी अडीच वर्षांची शिक्षा. कायदा १८६१चा.

१८६१ म्हटलं की आपले कान टवकारले पाहिजेत. कारण २०२४पर्यंत लागू असलेली आपली भारतीय दंडसंहिता १८६०ची. तिचं कलम ३१२, गर्भपाताचं, त्याच राज्यकर्त्यांनी लिहिलेलं, आणि त्यात करवून घेणारी बाईसुद्धा गुन्हेगार. इंग्लंडनं १९६७ साली कायदा बदलला. आपल्याकडे १९६४ साली केंद्र सरकारनं समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते आपल्या महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीनं १९६६च्या अखेरीस अहवाल दिला, १९७१ साली संसदेनं वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला, १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. या शहांवर खरं तर वेगळं भाषण व्हायला हवं. किती जणांना नाव माहीत आहे हो त्यांचं?

आता मी थोडी रागावणार आहे. माझा जुनाच राग आहे, विद्यार्थी हसायचे. इतकी वर्षं झाली कायद्याला, आणि अजून शिकलेल्या बायका दबक्या आवाजात विचारतात, मॅडम, हे गुन्ह्यात येतं का? का विचारतात? कारण भिंतीभिंतीवर गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या पाट्या आहेत आणि आपण दोन कायद्यांची खिचडी केली. गर्भाचं लिंग तपासणं हा गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. महाराष्ट्रानं त्यासाठी देशात सगळ्यांत आधी, १९८८ साली, कायदा केला, केंद्रानं १९९४ साली. पण तो कायदा तपासणीचा. गर्भपाताचा कायदा निराळा. पुन्हा सांगते, निराळा. तो काही अटींवर मान्यताप्राप्त केंद्रात, मान्यताप्राप्त डॉक्टरकडून गर्भपाताला परवानगी देतो. पाट्या रंगवणाऱ्यांना माझी विनंती आहे, खाली एक ओळ आणखी लिहा. आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून घरात घेणाऱ्यांनो, तुम्हाला तर मी समोर बसवून बोलले असते. पिशवी बदलली, खिसणी गेली, पण देखरेखीशिवाय रक्तस्राव म्हणजे रक्तस्रावच.

काचेपलीकडून खूण झाली, तेव्हा उरलेलं भराभर. २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं, तेही कायद्यात नेमून दिलेल्या स्त्रियांसाठी. त्यांत अत्याचार झालेल्या, अल्पवयीन, विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या अशा स्त्रिया येतात. २०२२च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अविवाहित स्त्रीलाही यातून वगळता येणार नाही. अठरा वर्षांच्या पुढच्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. दवाखान्यात मागितली, तर कुठल्या कलमाखाली ते विचारा. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

चित्रपट दोन तासांचा आहे, इंग्रजी उच्चार जुन्या लंडनचे, तेव्हा खालची अक्षरं लावून बघा. घरातल्या मोठ्या मुलामुलींना सोबत घ्या, मुलांना तर नक्कीच. शहा समितीचं राहिलंच. रेडिओ केंद्रानं पुन्हा बोलावलं तर तिथूनच सुरू करीन.