आवाराबाहेरचे विद्यापीठ

(महाविद्यालयीन प्राध्यापकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



संगणकामुळे विद्यापीठ आपल्या भिंती ओलांडून बाहेर पडणार, असे आज कौतुकाने सांगितले जाते. परंतु महाराष्ट्रातील पहिले आधुनिक विद्यापीठ जन्मले तेच मुळी आवाराविना! १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. महाविद्यालयांना संलग्नता देणे, परीक्षा घेणे आणि पदवी प्रदान करणे एवढेच त्याचे कार्य होते. अध्यापन त्याच्याकडे नव्हते. आपण ज्याला विद्यापीठाची ओळख मानतो, तो राजाबाई मनोरा पूर्ण झाला १८७८ मध्ये.

या व्यवस्थेने आपल्याला काय दिले? शिकवणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, अशी फारकत झाली. विद्यार्थ्याचे लक्ष गुरूकडून प्रश्नपत्रिकेकडे वळले. मार्गदर्शिकांचे पीक आले, पाठांतर हीच विद्या ठरली. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाचा मार्ग मोकळा केला. पण तोवर जडलेली परीक्षेची सवय आजही सुटलेली नाही. त्याउलट प्राचीन तक्षशिलेत एकच मध्यवर्ती आवार नव्हते. विद्यार्थी एकेका आचार्याकडे राहून शिकत. आवार तेथेही नव्हते, परंतु आचार्य होता. हा भेद आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे.

आता वर्तमानाकडे वळू. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरी करणारे, शेतीत राबणारे, संसारात गुंतलेल्या भगिनी यांच्यासाठी ज्ञानाचे दार उघडले. पुढे आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी एकत्र येऊन २००३ पासून ‘एनपीटीईएल’द्वारे आपली व्याख्याने सर्वांसाठी खुली केली. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आले. २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थ्याला त्यावरून पूर्ण करता येतात.

मद्रास आयआयटीचे उदाहरण विशेष बोलके आहे. २०२० मध्ये तिने संगणक-प्रोग्रॅमिंग आणि विदाशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम ऑनलाइन सुरू केला. त्याच्या प्रवेशासाठी जेईईची चाळणी लावलेली नाही. चार आठवडे शिकायचे, मग पात्रता परीक्षा द्यायची. पाठ घरी, पण मुख्य परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष बसून! आधी शिकवणे आणि मग पारखणे, ही रीत मला मोलाची वाटते. येथे तंत्रज्ञानाने केवळ भिंत पाडली नाही. प्रवेशद्वाराचा अर्थच बदलला.

तथापि, याच तंत्रज्ञानाने १८५७ ची चूक पुन्हा होऊ शकते. चित्रफीत एकीकडे, प्रमाणपत्र दुसरीकडे आणि मधला विद्यार्थी एकटा! अशा खुल्या अभ्यासक्रमांना नावे नोंदवणारे पुष्कळ, पूर्ण करणारे थोडे, हा जगभरचा अनुभव आहे. टाळेबंदीत रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसणारी आपली मुले आपण पाहिली. त्यांची जिद्द कमी नव्हती. शंका आली तर विचारायला जवळ कोणी नव्हते.

म्हणून तालुक्याच्या महाविद्यालयाचे दिवस संपले, हे मत मला मान्य नाही. त्याचे काम बदलले आहे. उत्तम व्याख्यान कोठूनही येऊ द्या. ते ऐकून आलेल्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून चर्चा घडवणे, प्रयोग प्रत्यक्ष करून घेणे, इंग्रजीत अडलेले मराठीत उलगडून सांगणे, हे कार्य दूरच्या पडद्याला साधणारे नाही. ज्या घरात संगणक नाही, तेथील मुलीसाठी संध्याकाळी उघडी असलेली महाविद्यालयाची संगणकशाळा हेच तिचे विद्यापीठ ठरेल.

प्राध्यापकांनाही नवी भूमिका स्वीकारावी लागेल. वर्षानुवर्षे त्याच टिपणांवरून मजकूर उतरवून देणाऱ्याची जागा यंत्र निश्चितच घेईल. प्रश्न विचारायला शिकवणाऱ्याची जागा मात्र रिकामीच आहे आणि ती आपली वाट पाहत आहे.

मित्रहो, विद्यापीठ आवाराबाहेर पडणार, यात शंका नाही. ते बाहेर पडताना आचार्याला सोबत नेते की मागे ठेवते, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्या हाती आहे.