चित्रांना चालते करणारे राम मोहन
(शिक्षक-संमेलनात केलेले भाषण)



फळ्यावर खडूने काढलेला पक्षी जागचा हालत नाही. तरीही पहिलीतील मूल त्याच्याकडे टक लावून पाहत राहते. चित्राचे हे सामर्थ्य ओळखून ज्यांनी आपले आयुष्य त्यास वाहिले, त्या राम मोहन यांच्या कार्याचा परिचय आज करून द्यावयाचा आहे.

त्यांचा जन्म १९३१ चा. शिक्षण रसायनशास्त्राचे, परंतु ओढा चित्रकलेचा. १९५६ साली ते मुंबईस फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात दाखल झाले. डिस्ने यांच्या संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स हे तेथे त्यांना गुरू लाभले.

ही कला चिकाटीची आहे. पडद्यावर सेकंदास २४ चित्रे सरकतात. प्रत्येक चित्र दोनदा वापरले, तरी सेकंदास १२ व दहा मिनिटांच्या पटास ७,२०० चित्रे लागतात! हा हिशेब आपण वर्गातही मांडून पाहावा.

१९७२ साली त्यांनी स्वतःची संस्था काढली. 'यू सेड इट' (१९७२) व 'फायर गेम्स' (१९८३) या पटांस राष्ट्रीय पारितोषिके मिळाली. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' (१९७७) मधील चालती चित्रे त्यांचीच. जपानी सहकाऱ्यांसमवेत त्यांनी रामायणावरील चित्रपटही केला. २०१४ साली त्यांस पद्मश्री लाभली. २०१९ साली ते निवर्तले.

परंतु आपणां शिक्षकांस त्यांची खरी ओळख आहे ती 'मीना'मुळे. युनिसेफसाठी १९९० नंतरच्या दशकात त्यांनी ही खेडेगावातील मुलगी रेखाटली. ती दक्षिण आशियातील अनेक देशांना आपली वाटावी, म्हणून तिची चित्रे ठिकठिकाणच्या लोकांना दाखवून पुनःपुन्हा सुधारण्यात आली. एका कथेत भाऊ राजू शाळेत जातो, मीना मात्र घरकामास जुंपलेली असते. ती आपल्या मिठू पोपटास शाळेत धाडते व त्याच्याकडून अंक शिकते. कोंबड्या मोजताना एक कमी भरते, चोर पकडला जातो आणि मग मुलीच्या शिक्षणाचे मोल आईवडिलांस पटते.

येथे उपदेशाचा एकही शब्द नाही. मुलगी मोजते आणि घराचे नुकसान टळते, एवढेच घडते. पालकांस पटते ते असे प्रत्यक्ष उदाहरण. आपल्या हजेरीपटावर नाव असूनही कापणीच्या दिवसांत, धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी, जी मुलगी घरी राहते, तिच्या घरी जाताना आपण हे ध्यानी ठेवावे. तिने घरातील हिशेब केलेला वडिलांस दाखवावा. नुसते नियम सांगून भागत नाही.

साधने थोडी असतील. वहीच्या कोपऱ्यांवर किंचित बदलत जाणारी चित्रे काढून पाने भरभर उलटली, तर पक्षी उडू लागतो. एवढे आपल्या प्रत्येक शाळेत होण्यासारखे आहे. ते या वर्षी अवश्य करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.