वनस्पतींचे विषाणू : भय नको, जाण हवी

(वडगाव मावळ येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरून पावसाचे ढग खाली उतरू लागले आहेत, भाताची रोपे लावणीला आली आहेत. अशा घाईच्या दिवसांत आपण येथे जमलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो.

विषाणू हा शब्द कानी पडताच २०२० साल आठवते आणि मनाचा थरकाप होतो. परंतु विषाणू केवळ माणसाला होतात असे नाही. विषाणूंचा शोध मुळी लागला तोच तंबाखूच्या रोगट पानांतून, १८९०च्या दशकात. आज मी वनस्पतींच्या विषाणूंविषयी बोलणार आहे आणि त्याची सुरुवात थेट समुद्रापासून करणार आहे.

उथळ समुद्राच्या तळाशी गवताची कुरणे असतात. आपल्या देशात पाल्कच्या सामुद्रधुनीत ती विपुल आहेत. हे शेवाळ नव्हे. याला मुळे, पाने आणि फुलेही येतात. मासळीची पिले येथे वाढतात, समुद्रगाय येथेच चरते. या गवतांना विषाणू होतात काय, याचा अभ्यास आजवर फार थोडा झाला. २०१९ साली अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील ‘कासवगवता’त शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू आढळला. विशेष असे, की ते गवत दिसावयास निरोगी होते. दुसरे विशेष असे, की हा विषाणू बटाट्यावरील ‘एक्स’ विषाणूच्या कुळातला निघाला.

मित्रहो, बटाटा म्हणताच समुद्र दूर राहिला आणि आपण आपल्या जिल्ह्यात आलो. शेजारच्या खेड-आंबेगावच्या पठारावर खरिपात बटाटा होतो. बटाट्यावरचा हा विषाणूही पुष्कळदा लक्षणे दाखवीत नाही; बेण्यातून आणि स्पर्शातून मात्र पसरत राहतो व उत्पन्न घटवितो. हिरवेगार दिसणारे झाड निरोगी असेलच असे नाही, हा धडा समुद्रतळाचे गवत आणि आपले शेत दोन्ही देतात.

विषाणू झाडात मुकाट्याने पसरतो, तशी अफवा माणसांत पसरते. २०२०च्या मे महिन्यात जुन्नर, संगमनेर, अकोले या भागांत टोमॅटोची फळे एकसारखी पिकेनात. त्यांवर रंगांचे पट्टे व डाग उमटले. लोकांनी त्याला ‘तिरंगा व्हायरस’ म्हटले. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत त्या पिकात प्रामुख्याने काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला. परंतु तोवर हा रोग माणसालाही होतो, अशी हूल उठली होती. आधीच टाळेबंदी, त्यात गिऱ्हाईक बिचकले. रोगाने जे राखले ते अफवेने नेले.

वस्तुस्थिती काय आहे? वनस्पतींचे हे विषाणू माणसाच्या पेशीत शिरून वाढू शकत नाहीत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांच्या विष्ठेत मिरचीवरील विषाणू मोठ्या प्रमाणात आढळला. म्हणजे असे विषाणू आपण जेवणातून नित्य पोटात घेतो आणि ते निमूट बाहेर पडतात!

शेताचे नुकसान मात्र खरे असते. रोगट झाडाला बरे करील असे औषध नाही. काकडीवरील मोझॅक विषाणू मावा ही कीड पसरविते. ती रोगट पानात क्षणभर सोंड खुपसते आणि लगेच निरोगी पानाला रोग देते. फवारणीने ती मरेपर्यंत तिचे काम झालेले असते. म्हणून केवळ फवारणीवर विसंबणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय. रोपवाटिका बारीक जाळीखाली ठेवावी. कडेने मक्याच्या ओळी घ्याव्यात. बांधावरचे तण काढावे, कारण विषाणू तेथे दबा धरून बसतो. पहिले रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे. बेणे खात्रीचे घ्यावे. रोगट झाडाला लागलेले हात व विळे साबणाने धुवावेत.

यात आपले काम कोणते? शिक्षकांनी मुलांना बांधावर न्यावे आणि सुरकुतलेले पान, मावा, पांढरी माशी दाखवावी. मूल घरी जाऊन बापाला सांगेल. सदस्यांनी विचित्र रोग दिसताच नमुना कृषी कार्यालयाकडे पोहोचवावा आणि आलेले उत्तर चावडीच्या फलकावर लावावे. उत्तर येईपर्यंत कोणी ‘ऐकले’ म्हणून सांगू लागला, तर ‘कोणी तपासले?’ एवढेच विचारावे.

माहिती खात्यातल्या माझ्यासारख्या माणसाला शेतातला रोग हटविता येत नाही. पण खरी बातमी अफवेच्या आधी गावात पोहोचविणे हे माझे काम आहे, आणि त्यात आपली साथ मला हवी आहे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.