कृतीसरशी लागणारा बहिष्कार



कॅथलिक चर्चच्या कायद्यावरील लेखनाचा अनुवाद करीत असताना दोन लॅटिन शब्दांनी मला बराच काळ अडवून धरले. ‘लाते सेन्तेन्तिए’ हे ते शब्द. अर्थ असा की, निकाल आधीच दिला गेलेला आहे. न्यायाधीश बसत नाही, साक्ष होत नाही. कृत्य घडले की त्याच क्षणी शिक्षा लागू होते. ह्याला ‘स्वयंचलित बहिष्कार’ म्हणावे तर एखाद्या यंत्राचे वर्णन केल्यासारखे वाटते. अखेर मी ‘कृतीसरशी लागणारा बहिष्कार’ असे शब्द योजिले. ते लांबलचक आहेत, पण खोटे नाहीत.

बहिष्कार हा शब्द आपल्याला परका नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला आणि त्यावरून केवढे ग्रामण्य माजले, हे आपण जाणताच. पण तेथे फिर्याद होती, शंकराचार्यांच्या वतीने चौकशी होती, वादप्रतिवाद होते. रोमच्या ह्या कायद्यात मात्र आरोपीच स्वतःचा पहिला न्यायाधीश असतो. दुसराही एक भेद आहे. वाळीत टाकलेल्याचे पाणी तुटते, सोयरीक तुटते. चर्चच्या बहिष्काराने स्नानसंस्कार पुसला जात नाही. मात्र ख्रिस्तप्रसादादी संस्कार घेता वा देता येत नाहीत, धर्मपद भूषविता येत नाही. चर्च हिला ‘औषधी’ शिक्षा म्हणते. अपराध्याने परतावे हा तिचा हेतू. मृत्युशय्येवरील व्यक्तीला तर कोणताही धर्मगुरू तीतून मुक्त करू शकतो.

आता स्त्रियांच्या दीक्षेविषयी. १९८३ च्या धर्मसंहितेतील १०२४ वा नियम अगदी त्रोटक आहे : स्नानसंस्कार झालेल्या पुरुषालाच याजकदीक्षा वैधपणे मिळते. ख्रिस्ताने बारा प्रेषित पुरुषांतूनच निवडले, हे त्यामागील मुख्य कारण १९७६ च्या निवेदनात रोमने विस्ताराने मांडले होते. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी जाहीर केले की, स्त्रियांना दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही.

२९ जून २००२ रोजी पासाऊ शहराजवळ डॅन्यूब नदीतील एका नौकेवर सात स्त्रियांनी दीक्षा घेतली. ती देणारे रोमुलो ब्राश्ची हे अर्जेंटिनाचे, रोमपासून फुटलेले बिशप. सातांपैकी इडा रामिंग ह्या धर्मशास्त्राच्या विदुषी. स्त्रियांना याजकपदापासून दूर ठेवणाऱ्या नियमांचा इतिहास हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आणि तो १९७३ सालीच ग्रंथरूपाने आला होता. कायदा ठाऊक नव्हता ही सबब त्यांना सांगता आली नसती. त्यांनी ती सांगितलीही नाही.

१० जुलैला रोमहून इशारा निघाला : २२ तारखेपर्यंत ही दीक्षा निरर्थक असल्याचे मान्य करा आणि पश्चात्ताप व्यक्त करा. २२ जुलै हा मग्दालेनी मरियेचा सण. पुनरुत्थानाची वार्ता प्रेषितांना प्रथम देणाऱ्या स्त्रीचा! तारीख नेमताना हे कोणाच्या ध्यानी आले होते की नाही, देव जाणे. ५ ऑगस्टला कार्डिनल रात्सिंगर ह्यांच्या सहीने बहिष्काराचा हुकूम झाला. फेरविचाराची विनंती २१ डिसेंबरच्या निर्णयाने फेटाळली गेली.

म्हणजे हा बहिष्कार कृतीसरशी लागलेला नव्हता. इशारा, मुदत, हुकूम असे सारे टप्पे त्यात होते. पण दीक्षाविधी थांबले नाहीत; २००६ साली ते अमेरिकेत पिट्सबर्ग येथेही एका नौकेवर झाले. प्रत्येकीला वेगळा हुकूम किती वेळा काढणार? १९ डिसेंबर २००७ च्या, आणि पुढील मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या, हुकुमाने ही शिक्षा दीक्षा देणारा व घेणारी ह्या दोघांनाही आपोआप लागू झाली. २०२१ साली सुधारलेल्या संहितेत ती १३७९ व्या नियमात आहे.

येथे कोणीही विचारील : दीक्षा मुळात होऊच शकत नसेल, तर न घडलेल्या गोष्टीची शिक्षा कशी? उत्तर एका शब्दात आहे. कायदा ‘दीक्षा देणारा’ म्हणत नाही, ‘दीक्षा देण्याचा प्रयत्न करणारा’ म्हणतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात हा ‘प्रयत्न’ वाक्य सुबक करण्याच्या नादात गळला होता. तेवढ्याने नेमका उलटा अर्थ झाला; स्त्रियांची दीक्षा घडते, असे रोमच्याच तोंडून मी वदवून बसलो होतो. छपाईपूर्वी ते ध्यानात आले, हे नशीब.

२०१० साली रोमने गंभीर अपराधांची सुधारित नियमावली काढली. तीत बालकांवरील अत्याचार आणि स्त्रीला दीक्षा देण्याचा प्रयत्न, दोन्ही होते. त्यावर गदारोळ उठला. एक अपराध नीतीविरुद्ध, दुसरा संस्काराविरुद्ध, त्यांची तुलना केलेली नाही, असा खुलासा झाला. तो खुलासा मला तर्काने पटतो. परंतु बालकावर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूला कृतीसरशी बहिष्कार लागत नाही आणि नौकेवरील स्त्रीला लागतो, हे लिहिताना लेखणी थबकली, हेही मी लपवीत नाही.

जाता जाता एक नाव. १९७० साली कम्युनिस्ट राजवटीतील चेकोस्लोव्हाकियात, ब्रनो शहरी, भूमिगत चर्चचे बिशप फेलिक्स दावीदेक ह्यांनी लुडमिला याव्होरोवा ह्यांना गुप्तपणे दीक्षा दिली. रोमने ती मानली नाही. तथापि धर्मसंहितेचे नियम सामान्यतः पुढच्या कृत्यांना लागतात, मागच्यांना नाही; त्यामुळे २००७ चा हुकूम त्यांना लागू होत नाही. अनुवादात त्यांच्या नावामागे कोणती उपाधी लावावी, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी नुसते नावच ठेवले आहे.