राखीव काडतूस

(वडपे, तालुका भिवंडी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रायफल घेऊन शिकारीस निघताना जादा काडतुसे किती जवळ बाळगावीत, हा एके काळी शिकाऱ्यांच्या आपसांतील गप्पांचा विषय होता. आज तो पंचायतीपुढे मांडावयाचा, तर आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हौसेची शिकार या देशात आता उरलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून खेळ म्हणून करावयाची शिकारही बंद झाली. तेव्हा कोणी रात्री जीपला दिवा लावून सशामागे निघाला असेल, तर त्याच्या खिशात एक काडतूस आहे की पन्नास, याची चर्चा करण्याचे कारण नाही. तो गुन्हाच आहे.

मग कायदेशीर बार उरतो तो कोणता? कायद्याच्या कलम ११ मध्ये त्याला जागा ठेवलेली आहे. एखादा वन्य प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला, तर अधिकार असलेला वनाधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्यास मारण्याची परवानगी देऊ शकतो. आपल्या राज्याने २०१५ साली रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांच्याबाबत अशी परवानगी देण्याची कार्यपद्धती ठरवून दिली. भात निसवू लागले की डुकरांचा कळप एका रात्रीत खाचर लोळवून टाकतो, हे या सभेत कोणाला सांगावयास नको. नुकसानभरपाई मिळते, परंतु शेतकऱ्याला भरपाईपेक्षा भात हवे असते. म्हणून परवानगीचा अर्ज येतो, त्यापाठोपाठ बंदूक येते, आणि बंदुकीपाठोपाठ आपला आजचा प्रश्न.

रायफलीविषयी माझे मत मी प्रारंभीच सांगून टाकतो. .३१५ बोअरची देशी रायफल आपल्याकडे परवानाधारकांच्या घरी आढळते. तिच्या पेटीत पाच काडतुसे मावतात आणि तिची गोळी हुकली तर दोन किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते. आता वडप्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबई-नाशिक महामार्ग गावाला लागून आहे. भोवती गोदामांची रांग आहे. समृद्धी महामार्गही जून २०२५ पासून जवळच आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झाला आहे. मध्यरात्री येथे चालक ट्रकखाली अंथरूण घालून झोपलेले असतात, हमाल पाळीवर असतात, पहारेकरी गोदामाला फेरी घालत असतात. पूर्वी ज्या दिशेला निव्वळ माळ होता त्या दिशेला आज माणूस आहे. अशा जागी सपाट शेतात उभे राहून रायफलीचा बार काढणे मला कोणत्याही परवानगीखाली समर्थनीय वाटत नाही. गरज पडलीच तर बारा बोअरची छऱ्याची बंदूक, उंचावर बसून, नळी जमिनीकडे झुकलेली आणि मागे मातीचा बांध, एवढेच येथे चालेल.

काडतुसे किती, हे ठरविण्याआधी जादा काडतूस कशासाठी असते ते समजून घेतले पाहिजे. यासाठी १९०७ सालचे कुमाऊँमधील उदाहरण देतो. चंपावतच्या वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारली होती, असे जिम कॉर्बेट यांनी नोंदविले आहे. तिच्यासाठी गावकऱ्यांचा हाका घालण्यात आला, तेव्हा कॉर्बेट यांच्यापाशी दुनळी रायफल होती आणि बरोबर काडतुसे होती अवघी तीन. हिशेब साधा होता: दोन नळ्यांतली दोन, आणि तिसरे अडचणीच्या प्रसंगासाठी. प्रत्यक्षात तिन्ही उडाली. वाघीण घायाळ झाली, पण पडली नाही. समोर जखमी नरभक्षक आणि हातात रिकामी रायफल, अशा स्थितीत त्यांना धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक मागून आणावी लागली. ती इतकी ढिली होती की नळ्या आणि मागची बैठक यांत फट दिसत होती. तिचा बार वाघिणीच्या पंजाला चाटून गेला. ती मेली ती आधीच्याच जखमांनी.

या प्रसंगाचा अर्थ पुष्कळ लोक असा लावतात, की कॉर्बेट यांनी तीनऐवजी तीस काडतुसे न्यावयास हवी होती. मला तसे वाटत नाही. चारसहा अधिक असती तर बरेच झाले असते, हे खरे. परंतु खरी अडचण अशी, की अडचणीसाठी ठेवलेले काडतूस ऐन घाईत पहिल्या दोहोंच्या पाठोपाठच उडून जाते. उत्साहात किंवा भीतीत माणसाला मोजदाद राहत नाही. ज्याच्या पट्ट्यात तीस असतात तो तर मोजतच नाही. कळपातले एक डुक्कर पडले की दुसऱ्यावर, दुसरे पळाले की तिसऱ्यावर बार काढतो, आणि पहाटे रानात दोन घायाळ जनावरे उरतात. राखीव काडतूस हे घायाळ जनावराचे असते. त्याच्या यातना संपविण्यासाठी आणि त्याच्या वाटेवर येणाऱ्या माणसाच्या रक्षणासाठी ते जवळ ठेवावयाचे. जनावर मेल्याची खात्री होईपर्यंत त्याला दुसऱ्या कोणत्याही कामासाठी हात लावावयाचा नाही.

म्हणून माझा हिशेब असा. दुनळी बंदुकीत दोन, कमरेच्या पट्ट्यात दोन, आणि आणखी दोन वेगळ्या, बटण लावलेल्या खिशात. हे शेवटचे दोन म्हणजे राखीव. पट्ट्यातले संपले की त्या रात्रीचे काम संपले, नवे जनावर समोर उभे राहिले तरी. सहाही काडतुसे एकाच बोअरची आणि डुकराला योग्य अशा मोठ्या, मोजक्या छऱ्यांची असावीत. पाखरांसाठीच्या बारीक छऱ्याने डुक्कर मरत नाही, ते फक्त पिसाळते.

बोअरविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण येथे चूक प्राणघातक ठरते. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकले तर ते पुढे सरकून आत अडकते. अंधारात घोडा दाबला, बार झाला नाही, नळी उघडली तर रिकामी दिसली. म्हणून मागून बारा बोअरचे भरले आणि पुन्हा चाप ओढला, की नळी हातातच फुटते. शेजाऱ्याकडून ऐनवेळी मूठभर काडतुसे उसनी आणणाऱ्यावर हा प्रसंग ओढवू शकतो. उसनवारी कायद्यानेही चालत नाही. एका वेळी किती काडतुसे बाळगावयाची आणि वर्षाला किती विकत घ्यावयाची हे परवान्यावरच लिहिलेले असते. ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या हाती एकही काडतूस देणे हा शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे.

दमट हवेचाही विचार ठेवावा. आपल्याकडे चार महिने पावसाळा, आणि डुकरांचा उपद्रव भाताच्या दिवसांतला. मागल्या वर्षीची, ओल लागलेली, फुगलेली काडतुसे राखीव म्हणून नेणे म्हणजे राखीव काहीच न नेणे. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट तसेच थांबावे. बार उशिराने होऊ शकतो. मग ते न उडालेले काडतूस बाहेर काढावे आणि घरी परत आणावे. बांधावर फेकू नये. शिक्षकांनी या ठिकाणी लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. शाळेच्या वाटेवर सापडलेले पितळी बुडाचे काडतूस मुलाला खेळणे वाटते, आणि तो पहिली गोष्ट करतो ती म्हणजे त्यावर दगड घालून पाहतो. वर्गात एकदा ते चित्र काढून दाखवा आणि ‘हात लावू नका, मोठ्यांना सांगा’ एवढे सांगा.

ठासणीच्या बंदुकीला हे सारे लागू पडत नाही. पीकसंरक्षणासाठी कायद्याने तिचा निराळा उल्लेख केलेला आहे आणि कोकणात ती बरीच आहे. तिला काडतूसच नसते. दारू, छरे आणि केप. एक बार झाल्यावर पुन्हा ठासण्यात जो वेळ जातो तेवढ्यात घायाळ डुक्कर अंगावर येते. तिच्या धन्याने एकट्याने जाऊच नये. सोबत दुसरा परवानाधारक हवा. त्याची बंदूक हेच येथे राखीव काडतूस.

घायाळ जनावर अंधारात झाडीत शिरले तर त्याच्या मागे जाऊ नये. जागेवर खूण करावी, वनरक्षकास कळवावे आणि पंचायतीस त्याच रात्री सांगावे. येथे पंचायतीचे काम सुरू होते. पहाटे लाकडाला, परसाकडे, शेतावर, शाळेला जाणारे लोक त्याच वाटेने जातात. पाळी सुटलेले कामगारही जातात, आणि त्यांना गावातला निरोप पोहोचत नाही. गोदामांच्या फाटकांवर निरोप देण्यास एक माणूस धाडलाच पाहिजे. उजाडल्यावर वनरक्षकासमवेत, मोजकी माणसे घेऊन, रक्ताच्या माग्याने जावे. त्या खिशातल्या दोन काडतुसांची वेळ ही. मेलेले जनावर शासनाची मालमत्ता असते, तेव्हा वाटे घालण्याचा विचार कोणी मनात आणू नये.

उरलेल्या काडतुसांबद्दलही बोलले पाहिजे. ती वरातीत हवेत उडतात. २०१९ च्या दुरुस्तीने समारंभातील अशा बेफिकीर गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि वडप्यात ती पत्र्यावर येईल की माणसावर, हे सांगता येत नाही.

यावर उपाय वहीचा आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात ‘अवनी’ या वाघिणीवर गोळी झाडली गेली, तेव्हा ती कोठून, किती अंतरावरून, कोणत्या स्थितीत सुटली याची चौकशी समित्यांनी केली. डुकरासाठी समिती बसणार नाही. पण पंचायतीला आपल्यापुरती एक वही ठेवता येईल. परवानगीचा क्रमांक, बंदूकधारकाचे नाव, जाताना नेलेली काडतुसे, परत आणलेली काडतुसे, रिकाम्या नळकांड्या, न उडालेली. सहा गेली तर सहांचा हिशेब सकाळी दहापर्यंत पुरा व्हावा. एखादे कमी भरले, तर ते सापडेपर्यंत त्या शेताच्या बांधावर पंचायतीचा माणूस उभा राहील, असा ठराव आपण येत्या ग्रामसभेत करावा, असे मी सुचवितो.